बंद तोंडाचे पिस्ते

मरोळ, अंधेरी (पूर्व)
९ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप आईंना अनुपमाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना? पत्र नेहमीप्रमाणे पोस्टमन धाकूभाऊच वाचून दाखवत असतील. धाकूभाऊ, तुम्हालाही नमस्कार.

आपल्या वाडीतल्या लवूच्या हाती पिस्त्यांची पिशवी पाठवलीय. खारवलेले आहेत. कवच काढून आतला दाणा खायचा. मागच्या खेपेला शेजारच्या काकूंनी कवचासकट चावला, तसं करू नका.

कारखान्यात हल्ली मी आइस्क्रीमच्या पिस्त्यांवर असते. दाणे कढत पाण्यात टाकायचे, फडक्यात चोळायचे, की जांभळट साल सुटते आणि आत हिरवागार रंग. गेल्या महिन्यात तर गंमतच झाली. मालकांनी स्वस्तात एक पोतं उचललं, ते निघालं सगळं बंद तोंडाचं. एकाही पिस्त्याला चीर नाही! मालक कपाळ बडवतायत, आणि आम्ही बाया अडकित्ते, वरवंटे, मिळेल ते घेऊन बसलोय. माझ्या वाट्याला हातोडी. घातली अंगठ्यावर. मशीनवरचे दत्ताराम धावत आले नि बर्फ धरला. आमच्याकडे बर्फाला काय तोटा!

ते पूर्वी इराणात नोकरीला होते. पिस्त्याच्या बागा पाहिल्यात त्यांनी. म्हणाले, पिस्ता झाडावरच पिकून उघडतो, तेव्हा तिथले लोक म्हणतात, पिस्ता हसला. आणि बाईझाड वेगळं, पुरुषझाड वेगळं. फळं सगळी बाईझाडाला. पुरुषझाड वाऱ्यावर पराग सोडतं, मग वर्षभर नुसतं उभं.

"म्हंजे आमचो घोवच मां तो!" माझ्या शेजारी बसलेली शेवंती आपल्या नवऱ्यावरून म्हणाली.

आई, मी हसले. अशी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, अंगठा विसरले. बायांचे हात थांबले. हे गेल्यापासून चार वर्षांत मला हसताना कुणी ऐकलंच नव्हतं. मला स्वतःलाच तो आवाज परका वाटला.

मग दत्ताराम रोज अंगठ्याची चौकशी करायला लागले. अंगठा बरा झाला तरी चौकशी चालूच.

बाकी विशेष काही नाही. थंडी सरली. शेवंतीची पोरगी आता चालते.

नाही, विशेष आहे. धाकूभाऊ, इथून पुढे जरा हळू वाचा. पडवीत कुणी बसलं असेल तर आधी त्याला वाटेला लावा.

परवा सुटी झाल्यावर फाटकाशी दत्तारामांनी विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?" त्यांची बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही.

मी म्हटलं, "मला सासू आहे."

"ठाऊक आहे. दर दोन वाक्यांनी आईंचं नाव घेता तुम्ही."

"त्या माझ्याजवळ राहतील."

"दोन खोल्या आहेत. आतली त्यांची."

"आणि यांचा फोटो?"

त्यांनी जेवणाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "बाहेरच्या खोलीत लावू, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. चोरून कशाला ठेवायचा?"

मी हो म्हटलं, आई. तुम्हाला न विचारता म्हटलं. मात्र तारीख आई ठरवतील, हेही सांगून टाकलं. शिमग्याला आम्ही दोघं येतोय. रागावलात तर बोला, दोन धपाटे घाला, पण दार लावून घेऊ नका. तुमचा गुणाजी गेला त्या दिवशी मला कुशीत धरून तुम्ही म्हणाला होतात, "तू खंय जाव नको." मी कुठे जात नाहीये. तुम्हाला न्यायला येतेय.

आजवर पत्राखाली 'तुमची सून' लिहीत आले. आज हात दुसरंच लिहायला निघालाय. नको असेल तर समोर येईन तेव्हा सांगा.

तुमची लेक,
अनुपमा