देवराईतला पाट

अण्णा,

काल गावाहून धाकट्यानं पाठवलेलं पार्सल आलं. नाचणी, हिरडे, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली शिकेकाई आणि देव बसवायला जांभळाचा पाट. टपालाचे पैसे त्यानं भरले होते. इथे बनारसला दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून डोक्यावरून आणणाऱ्याला चाळीस रुपये मी दिले. एवढ्या जड पाटाला ते जास्त नव्हेत. पण फोनवर धाकटा म्हणाला, "ताई, लाकूड आपल्या देवराईतलं आहे हं," आणि माझा हात पाटावरून आपोआप मागे आला.

तिथली वाळकी काडीसुद्धा वाघोबाची, चुलीला न्यायची नाही, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक. तरी धाकट्यानं एकदा तिथल्या गारंबीच्या वेलाची बी खिशात घातली. तुम्ही भरल्या पानावरून उठलात आणि आम्हा दोघांना हाताला धरून डोंगर चढायला लावलात. तिन्हीसांजा होतात. शेकरू ओरडून गप्प झालंय, शीळ घालणारा कस्तूर अर्ध्यावरच थांबलाय. वेलींच्या जाळीआड काहीतरी बसलंय, त्याचा उग्र वास येतोय. शेजाऱ्याशी बोलावं तसं तुम्ही म्हणता, "पोर लहान आहे. तुझं तुला ठेवून चाललो." बी शेंदरी दगडापाशी ठेवता आणि मागे न बघता आम्हाला उतरवता.

आता तोच म्हणतो, "झाड वादळात आपणहून पडलं. कुजूनच जायचं होतं. दोन फळ्या उचलल्या तर वाघोबाचं काय गेलं?" कुजल्या खोडावर अळंबी उगवते, किडे टिपायला सुतारपक्षी येतो, हे तुम्ही त्यालाच दाखवलं होतं ना? ह्यांना सांगितलं तर हसले. "वाघ काय आता रेल्वेनं बनारसला यायचाय? आणि आला तरी आपल्या गल्लीतला सांड त्याला वाट देईल होय?" मीही हसले. पण आज सकाळी गच्चीवर पापड घातले, पाट शेजारी उन्हात ठेवला, तर रोज ओरबाडून नेणारी माकडं मुंडेरीच्या कठड्यावरच बसून राहिली. एकही खाली उतरलं नाही. त्याआधी पंचगंगा घाटावर गंगेत स्नान करताना मागून कुणीतरी शीळ घातली आणि अर्ध्यावर सोडली. वळून पाहिलं नाही मी. तुमचीच शिकवण.

परत पाठवायला हवा, कळतंय. धाकटा निमूट नेऊन ठेवील, तुमच्या नावाला अजून घाबरतो. सुतळी काढून ठेवलीय. देवही जुन्याच चौरंगावर आहेत. पण अण्णा, त्या लाकडाला आपल्या ओल्या डोंगराचा वास आहे, तुमच्या उपरण्याला यायचा तोच. तुम्ही गेलात तेव्हा मी पोचले नाही, नंतर कधी तो डोंगर चढले नाही. हे पत्र टाकायचं कुठल्या पत्त्यावर, तेही माहीत नाही, डब्यात राहील. आणि सांगायलाच हवं, हे लिहितेय ते त्याच पाटावर बसून. अजून एक दिवस ठेवून घेऊ, की उद्याच बांधू? उलट टपाली कळवा. नुसती शीळ घातलीत तरी समजेन, पण या वेळी शेवटपर्यंत घाला.