डाव्या बाणाची चौकशी

२३ ऑक्टोबर २०२३, सोमवार. खंडेनवमी.
साडेसातला शस्त्रपूजा. कोयता, खुरपं, पंपाचा स्टार्टर, फटफटी आणि शेवटी कॉम्प्युटर. बाकीचे लोक मॉनिटरला बोट लावून पळतात. मी कीबोर्डच्या प्रत्येक रांगेला हळदीकुंकू लावलं, मूठभर अक्षता वाहिल्या, नारळ तिथंच वाढवला, पाणी शिंपडलं. मंगल म्हणाली, आवं जरा बेतानं, देव न्हाई त्यो. बायकोला यंत्राची कदर नाही.

कॉम्प्युटर वीस वर्षांचा, गेम त्याहून जुना. दोन गाड्यांची रेस, एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायची. एकानं उजवीकडच्या बाणांवर, दुसऱ्यानं डावीकडच्या अक्षरांवर. दर भाऊबीजेला मंगलचा भाऊ नाथाजी औंधाहून येतो, जेवणं झाली की सामना. एसटीचा रिटायर ड्रायव्हर, पण गेल्या वर्षापर्यंत माझ्यापुढं टिकला नव्हता. गेल्या वर्षी हरलो. (ऊन डोळ्यावर येत होतं.) तेव्हा मंगलनं सगळ्यांपुढं कबूल करून घेतलं: यंदा हरलो तर कॉम्प्युटर माळ्यावर आणि त्या टेबलावर तिचं शिलाई मशीन. ते तीन वर्षं स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांमध्ये अडकून बसलंय. मी हसत हो म्हटलं. हरायचा प्रश्न येतोच कुठं!

संकल्प: उद्यापासून रोज एक तास सराव.

२६ ऑक्टोबर, गुरुवार.
सराव सुरू. (मधले दोन दिवस सोनं वाटण्यात गेले.) गाडी डावीकडं वळत नाही. डावा बाण दगड झालाय, दाबला तर दबत नाही. बाकीचे तीन ठणठणीत. आपोआप बिघडायचं असतं तर चारी बिघडले असते. एकच बिघडला, म्हणजे कुणीतरी बिघडवला. सिग्नल रेजिमेंटमध्ये सतरा वर्षं काढलीत. (स्टोअरला होतो, पण रेजिमेंट तीच.)
संशयित एक: मंगल. हेतू, टेबल. संशयित दोन: नाथाजी. दसऱ्याला सोनं द्यायला आला होता, पाणी पीत बाहेरच्या खोलीत पाच मिनिटं एकटाच होता. ग्लासभर पाण्याला पाच मिनिटं?

२९ ऑक्टोबर, रविवार.
मंगलची उलटतपासणी. सहज विचारल्यासारखं विचारलं, टेबल तूच पुसतेस का. म्हणाली, वीस वर्षं पुसतीया, आज कसं दिसलं तुमास्नी? उत्तर टाळलं. नोंद घेतली.
शेजारच्या बनुबाई दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, लालासाहेब, त्या पेटीवर मुंग्या लय झाल्यात बघ, कायतरी सांडलं असंल रं. मुंग्यांचा आणि रेसचा काय संबंध? म्हातारी मुद्दाम फाटे फोडतेय. संशयित तीन.

२ नोव्हेंबर, गुरुवार.
इस्लामपूरला विश्वजितच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. म्हणाला, काका, गोल पिनचा कीबोर्ड आता मिळत न्हाई, ह्यो यूएसबीचा न्या. आणला. टायपिंग झकास, गेम उघडला की मुका! फक्त गेममध्येच मुका. फोन केला. म्हणाला, जुन्या गेमला यूएसबी वळकू येत न्हाई, मशीन चालू होताना निळ्या स्क्रीनमधी एक सेटिंग हाय, ते चालू करा. विचारलं, बंद कुणी केलं? म्हणाला, आधीपासनंच बंद असतंय.
आधीपासून! म्हणजे कट जुना आहे. सहज विचारलं, औंधात कोण पाव्हणं हायत का रं तुझं? म्हणाला, आत्या दिलीया तिकडं. बास. संशयित चार.

३ नोव्हेंबर, शुक्रवार.
निळ्या स्क्रीनमध्ये स्वतः शिरलो. सेटिंग सापडलं नाही, तारीख मात्र बदलली. कॉम्प्युटरच्या मते आता १९९९ साल चालू आहे. यूएसबीचा कीबोर्ड परत करून आलो. हेर घरात नको. जुना पुन्हा जोडला.

८ नोव्हेंबर, बुधवार.
विश्वजितचा आपणहून फोन. म्हणाला, गेममधी बटणं बदलता येत्यात, डाव्या बाणाऐवजी दुसरं कुठलंबी ठेवा. न्हाईतर कीबोर्ड पालथा घालून झटका. एवढी कळकळ कशापायी? हत्यार बदलणं म्हणजे शरणागती. मी माझी पद्धत काढलीय: डावीकडं जायचं तर उजवीकडून पूर्ण वळसा घालायचा. एक फेरी सव्वीस मिनिटांत. नाथाजी दोन मिनिटांत करतो, पण त्यात शिस्त नसते.

१२ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन.
कीबोर्डला पुन्हा हळदीकुंकू. डाव्या बाणाला जरा जास्तच.

१४ नोव्हेंबर, मंगळवार.
डाव ठरला. उद्या पाव्हण्याला मान म्हणून बाण नाथाजीला द्यायचे, मी अक्षरांवर. ही शरणागती नव्हे, डावपेच.
दुपारी मंगल टेबलापाशी सापडली. हातात केसांचा आकडा आणि दात घासायचा जुना ब्रश. मला बघून दोन्ही पदराआड केलं. रंगेहाथ! बिघडव म्हटलं मनात, काय बिघडवायचं ते. उद्या तुझ्याच भावाच्या बोटाखाली येणार आहे.

१५ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज.
ओवाळणं झालं, जेवणं झाली. नाथाजी म्हणाला, दाजी, बाण तुमचं, मी आपला अक्षरांवर बरा. मी आग्रह धरला. तेवढ्यात मंगल म्हणाली, आवं, तुमीच बसा की बाणांवर, नेहमीच्या जागंला. दोनदा म्हणाली. डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. मी असा तसा फसणारा नव्हे. नाही म्हणजे नाही.
पहिलंच वळण डावं. नाथाजीची गाडी लोण्यागत वळली, माझी कठड्यावर. तीन फेऱ्या, तिन्ही हरलो. अक्षरांवर बोटं बसेनात. नाथाजी म्हणाला, दाजी, ह्यो डावा बाण लय मऊ हाय की!

१६ नोव्हेंबर, गुरुवार.
नाथाजी गेल्यावर मंगलनं कागदाची पुडी पुढ्यात ठेवली. आत कुंकवानं लाल झालेल्या अक्षता, खोबऱ्याचा चुरा, दोन मेलेल्या मुंग्या. म्हणाली, डाव्या बाणाखालनं निघालं. चिकटून बसलं होतं, ब्रशनं निघंना, मग आकड्यानं काढलं.
विचारलं, मग काल सांगितलं का नाहीस? म्हणाली, भावापुढं तुमची शोभा करू व्हय?
म्हटलं, टेबल तर तुलाच पाहिजे होतं, मग साफ कशाला केलंस? म्हणाली, तीन आठवडं अन्न गोड लागंना तुमास्नी. मशीन काय, आनखी वरीसभर थांबलं असतं.

लय लाज वाटली. संशयितांची यादी फाडली. कॉम्प्युटर माझा मीच माळ्यावर चढवला, मशीन उचलून टेबलावर आणलं, पुसलं. सवयीनं हळदीकुंकवाचा करंडा घ्यायला वळलो तर मंगलनं हात धरला. म्हणाली, ते मी लावीन. तुमी लांबनं नमस्कार करा.
मी लांबून नमस्कार केला.