बोटीवर न बोलायचा शब्द

१० नोव्हें.
पाच दिवस जाळं ओढतोय, मासळीचा खण अर्धा पण भरला नाही. बहिणीची, पमीची हळद २४ला. स्किपर म्हणतो, खण भरला की स्कॉटलंडला परत, मग तू मोकळा. त्याआधी घरचं नाव काढायचं नाही. बरं.

११ नोव्हें.
घोळ केला. सकाळी पावाबरोबर तेच खारट मांस. सहज म्हटलं, आज पण पिग? स्किपरनं चहा ठेवला नि जाऊन लोखंडी खांब धरला. कोफीनं पण. तो तर घानाचा! म्हणतो, "बोटीवर तो शब्द निघाला की लोखंड धरायचं. सात वर्षं झाली मला इथे. तू पण धर." नाही धरला. आठवी नापास असलो तरी एवढा येडा नाही.

१२ नोव्हें.
जाळं तळाला अडकून फाटलं. इंजिनवाला झोपेतून उठून आला. स्किपर म्हणाला, "हा बोलला." "काय बोलला?" आता सांगणार कोण! कोफीनं बोटानं नाक वर केलं. इंजिनवाला पळाला खांबाकडे. मला हसू आलं. शिक्षा: जाळं एकट्यानं शिवायचं, नि वर स्किपरच्या सुकाणूच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. बोटं थंडीनं...

१३ नोव्हें.
जाळ्यात चिखल, दगड, एक बूट. स्किपर: "याचाच असेल."

१४ नोव्हें.
जरा रेंज आली. पमी: "दादा, निघालास का? कुठे चाललीय बोट?" ओरडलो. निघालेल्याला कुठे म्हणून विचारतात? बाबांनी या एका शब्दावरून होडी परत किनाऱ्याला लावलेली. रडली. "तू नसलास तर नवऱ्याचा कान कोण पिळणार?"
कोफी: का ओरडलास? सांगितलं. मेला पोट धरून हसतोय. "म्हणजे तुमच्यात पण आहे!"
ते वेगळं. ते खरं असतं.

१६ नोव्हें.
कोणी नाही बघून खांब धरला. मागनं कोफी: "दोन्ही हातांनी धर, घाई आहे ना तुला."
दुपारी हॅडॉक मासा बरा आला. खण अजून थोडा उणा.

१७ नोव्हें.
सकाळी जाळं आत घेतलं नि बोट वळली. बंदराकडे की आणखी वर, धुक्यात काय कळतंय. स्किपरची खिडकी उघडी आहे. खालून एक हाक मारली की सांगेल. कोफी खुणा करतोय, विचार ना. शब्द अगदी ओठावर आलाय. पण बोट निघालीय.
एका हातानं लिहितोय. दुसरा खांबावर.