अकरा मिनिटे पाणी न मारण्याबाबत

प्रति,
मा. अग्निशमन अधिकारी साहेब,
अग्निशमन केंद्र
(सध्या माझ्या वर्कशॉपच्या दाराशी, बंबात)

विषय : लेथवर दिसणारा लाल उजेड ही आग नसल्याने त्यावर पाणी न मारण्याबाबत.
संदर्भ : जे काही असेल ते लेखी द्या, असा आपला आत्ताचा तोंडी हुकूम.

महोदय,

१. सविनय कळवतो की, मी या गल्लीत बावीस वर्षे लेथ चालवतो. समोरच्या शिंप्याने खिडकीतून लाल उजेड पाहून आपणांस फोन केला. त्याचा हेतू चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ती आग नाही. मशीनवर जलकेंद्राच्या पंपाचा नवा शाफ्ट आहे. भट्टीतून कडक होऊन आलेल्या या पोलादाला साधे हत्यार दाद देत नाही, म्हणून हिऱ्याच्या खालोखाल कठीण अशी कापायची टिप लावावी लागते. ती कोरडीच चालते आणि पोलादाचा कीस तापून लाल निघतो. काम बरोबर चालल्याची ती खूण आहे.

२. तापलेल्या टिपेवर पाणी पडले की ती तडकते. हे मी ऐकीव सांगत नाही. आज सकाळी आपलेच पथक याच शिंप्याच्या फोनवरून येऊन गेले. टिपेला चार कोपरे असतात. दोन कामात झिजले, तिसरा सकाळी आपल्या पाण्याने गेला. चौथ्यावर आत्ता शेवटचा पातळ थर काढण्याचा हात चालू आहे. दुसरी टिप यायला आठ दिवस लागतील. मशीन मध्येच थांबवले तर शाफ्टवर रेघ उठते, नेमकी सील बसते तिथे, आणि मग पंप जन्मभर गळत राहतो. म्हणून थांबवताही येत नाही.

३. या हाताला अकरा मिनिटे लागतात. आपल्या पथकप्रमुखांनी अर्ज दोन प्रतींत मागितल्याने दोन मिनिटे कार्बन शोधण्यात गेली. तो सापडला नाही. आता सात उरली असावीत.

४. हा पंप बंद पडल्याने शहराला सहा दिवस पाणी नाही, हे आपण जाणताच. आपला बंबही याच जलकेंद्रावर भरतो. बंबात आज आहे ते पाणी शेवटचे, असे आपल्याच जवानाने मला सांगितले. ते आपण ज्या शाफ्टवर मारणार, तो बसल्याशिवाय बंब पुन्हा भरणार नाही. हे मी घसा फोडून सांगितले, पण लेखी नसल्याने विचारात घेतले गेले नाही. आता लेखी आहे.

५. नळी धरून उभा असलेला जवान माझा सख्खा मेहुणा आहे. हुकुमाचा इतका पक्का की शिट्टी ऐकली तर भरल्या ताटावरून उठतो. दारात आडवी उभी असलेली बाई त्याची थोरली बहीण, म्हणजे माझी पत्नी. तिला बाजूला करण्याचा हुकूम कृपया त्याला देऊ नये. हुकूम मोडण्याची त्याच्यावर पहिलीच वेळ येईल.

६. पाच मिनिटे. साहेब, मला फार भीती वाटते आहे. घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्यावे. बावीस वर्षांत मी कोणापुढे हात जोडले नाहीत. आज जोडायचे आहेत तर जोडता येत नाहीत, कारण एक मशीनच्या बटणावर आहे आणि दुसऱ्यात पेन. ते जोडलेलेच समजावेत.

तरी कृपा करून एवढी पाच मिनिटे थांबावे. नियमाप्रमाणे पाणी मारणे भागच असेल, तर ते माझ्या अंगावर मारावे. मी तडकणार नाही.

आपला,
भिजण्यास तयार असलेला
लेथवाला
(सही)

दिनांक : आजचा. वेळ : दुपारी चार वाजून सतरा मिनिटे.

सोबत : काही नाही. पुरावा मशीनवर आहे आणि अजून पोलाद कापतो आहे.