मरत होती आणि हसत होती

बुलढाणा, मंगळवार, रात्र

पेपरला बातमी पाठवायची राहिली आहे, पण डोकं ठिकाणावर नाही. पुतणी मुक्ता मोबाइलवर गेम खेळत होती. एका राक्षसाच्या हातून सारखी मरत होती आणि हसत होती. हीच मुलगी माझ्यापुढे 'नदी' हा शब्द सगळ्या विभक्त्यांत चालवताना अडखळली की रडकुंडीला येते. काल तर म्हणाली, संस्कृतच सोडते.

"मरताना हसू कसलं येतं गं?"

"काका, गेममधी मेलं तरी जिथवर गेलो तिथूनच चालू होते. तुमी तं षष्ठीत चुकलं की पुन्हा प्रथमेपासून म्हनाले लावता. तुमच्याहून राक्षस बरा."

संस्कृतात एम.ए. करून ही पदवी पदरात पडली. पण हरताना हसायचं? आमचे गुरुजी पहिल्यापासून म्हणायला लावत, म्हणून मीही लावतो. का, ते कधी मनात आलंच नाही.

जेवणाआधी तिला बसवलं. षष्ठीतच चुकली. तोंडावर आलेलं 'पहिल्यापासून' गिळलं आणि म्हणालो, "चल, षष्ठीपासूनच." शेवटपर्यंत गेली. मग पुस्तक स्वतःकडे ओढून म्हणाली, "आता पुढचा शब्द कोनता?"

हादरलोच. आजवर शिकवणीतल्या एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारलं नव्हतं. गुरुजींना मीही नाही.