घासून बसवलेलं काडतूस

गोरख,
त्या जादा दारूच्या मॅग्नम काडतुसाचा फायदा एवढाच होता, की मक्यातलं रानडुक्कर एका गोळीत आडवं झालं असतं. पण ते बसावं म्हणून, मोटारीचा बुश बसवावा तसं, तू रायफलीचं चेंबर, काडतूस बसतं ती जागाच, पॉलिश पेपरनं घासलंस, शहाण्या! काडतूस आत गेलं म्हंजे चालतं असं न्हाई. नळीवरचं अन् काडतुसावरचं नाव बराबर एकच लागतं. बार काढला असतास तर दाब झेपला नसता, मागचा बोल्ट उडून तुझ्याच डोळ्यात घुसला असता. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, आता ती कुठल्याच गोळीला चालायची न्हाई. परवाना माझा, म्हणून ठाण्यात जमा करायला मीच चाललो. आईला तू सांगू नको, मी सांगतो.
डुक्कर वाचलं, तूही वाचलास. गेली ती आबांनी मागं ठेवलेली रायफल.
– त्रिंबकदादा