मी नॉर्मल निघालो

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळ.
आजपासून रोज लिहिणार. कोणी वाचायचं नाही. डोकं ठिकाणावर असलेला माणूसच रोज लिहू शकतो, हा पहिला पुरावा.

कारण असं. परवा शेतातल्या वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत घ्यायला मी मधला मातीचा धुरा फोडला. काम झाल्यावर बुजवला. बुजवलाच असणार, जन्मभर बुजवत आलो. तरी सगळं पाणी, आदल्या दिवशी टाकलेल्या युरियासकट, शेजारच्या दुलीचंदच्या धानात गेलं. खेकड्यानं भोक पाडलं असेल. तसं मी मुलाला सांगितलं. ओमेश म्हणाला, बाबा, खेकडा फावडा घेऊन आला होता का? फोडल्या जागी तुमचाच फावडा उभा होता. वर म्हणाला, पुन्हा असं झालं तर जमीन दुलीचंदकाकाले अर्ध्या पिकावर बटईनं देऊन टाकतो. तुमी मग ओसरीवर बसा.

ओमेशचं गोंदियात हार्डवेअरचं दुकान. धान त्याला फक्त पोत्यातलं कळतं.

जमुना काही बोलली नाही. बायको चूप बसली म्हणजे आपल्या बाजूनं.

७ ऑगस्ट, गुरुवार.
नागपूरचे डॉक्टर लोक आमच्या मुर्रीच्या समाजभवनात येणार. साठीच्या वरच्यांची मेमरी तपासणार. म्हातारपणचा विसर आधीच अडवता येतो का, यावर रिसर्च आहे. ज्यांचं थोडं थोडं हरवायला लागलं त्यांना निवडणार, आणि व्यायाम, खाणं, बीपी, डोक्याचे खेळ असं सगळं करवून पाहणार. अशा लोकांशी माझा संबंध नाही. मी जाणार तो सर्टिफिकेट आणायला. ओमेशच्या दुकानात लावीन, लक्ष्मीच्या फोटोशेजारी.

संकल्प. रोज भिजवलेले बदाम. रोज एकोणीसचा पाढा. भजी बंद.

१० ऑगस्ट, रविवार.
बदामाची वाटी सापडत नाही. सुनेनं हलवली असणार. मंजूला विचारलं तर हसते. एकोणीसचा पाढा फार सोपा, म्हणून सोडला. भजी खाल्ली, पण दुलीचंदनं आग्रह केला म्हणून.

१२ ऑगस्ट, मंगळवार.
आज दुलीचंदचा नंबर होता. हिरमुसून बाहेर आला. तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम पाच शब्द सांगतात, मग घड्याळ काढायला लावतात, मग मघाचे शब्द विचारतात. याला दोनच आठवले. बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि पाचही आठवले! मी म्हटलं, सांग बरं. आरसा, जांभूळ, पूल, टोपी, घोडा. मी मागोमाग म्हणू लागलो तर म्हणाला, कायले पाठ करून राहिला बे? इथं कोणी पास-नापास करत नाही. शाळेतही असंच बोलायचा, म्हणून सातवीत राहिला. मीही सातवीतच राहिलो, पण माझं कारण घरचं होतं.

संध्याकाळभर घोकलं. जेवताना जमुनाला भाजी मागायची होती, तोंडातून जांभूळ निघालं. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला कौतुक वाटलं असावं.

१३ ऑगस्ट, बुधवार.
आज माझा नंबर. पाचच्या पाच. मधे विचार केल्यासारखं दाखवून मग सांगितले. मॅडम खूश. घड्याळाच्या काट्यांवरून थोडा मतभेद झाला, पण एक कमी-जास्त काटा म्हणजे काही नाही. जमुनाला वेगळ्या खोलीत नेऊन माझ्याबद्दल विचारलं. रोज सोबत राहणाऱ्यालाही विचारतात म्हणे. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. नवऱ्याची स्तुती करताना बायकांचं असं होते.

१८ ऑगस्ट, सोमवार.
निकाल. मी नॉर्मल! नॉर्मल माणसाला ते घेत नाहीत. दुलीचंदला घेतलं, बिचारा. ओमेशनं काढून घेतलेला फावडा परत दिला. मी पेढे आणले.

जमुनानं पेढा घेतला नाही. भांडी आपटत म्हणाली, काऊन जी पाठ करून गेले? तुमाले घ्यावं म्हणून मी सारं खरं सांगतलं होतं त्या बाईले. बिरसीले जातो म्हणून निघाले अन् रेल्वे स्टेशनवर बसून होते ते सांगतलं. चप्पल फ्रिजात ठेवली ते सांगतलं. माझ्या बहिणीले माझ्या नावानं हाक मारली ते बी सांगतलं. अन् तुमी तिकडे घोडा-टोपी करून आले.

दगा! माझ्या घरात, माझं मीठ खाऊन, परक्या बाईजवळ माझी चुगली. आणि चप्पल मी मुद्दाम ठेवली होती. गरम झाली होती.

जमुनाशी बोलणं बंद.

२३ ऑगस्ट, शनिवार.
पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी इडापिडा घेऊन जाणाऱ्या नारबोदची बाहुली गावाबाहेर नेली. सगळे ओरडत होते, खोकला घेऊन जा गे नारबोद, ताप घेऊन जा गे नारबोद. जमुना दारात उभी राहून मोठ्यानं ओरडली, आमच्या ह्यायचं भुलणं घेऊन जा गे नारबोद! सगळी गल्ली माझ्याकडे वळून पाहू लागली. मी मागे वळून पाहिलं, कोणाबद्दल बोलते म्हणून.

दुलीचंद रोज समाजभवनात जातो. हात वर, हात खाली. पत्ते खेळायला देतात, बीपी मोजतात. आम्ही पत्ते खेळायचो तेव्हा घरचे शिव्या द्यायचे. मला म्हणाला, पास झाला ना बे, आता बस घरी. त्याच्याच सांगण्यावर मी पास झालो हे याला मिरवायचं आहे. असा मित्र.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
शेतात एकटा गेलो. पाणी दिलं, धुरा बुजवला, वरून पाय देऊन दाबला, फावडा घरी आणला. एक चूक काढून दाखवावी कोणी!

संध्याकाळ.
दुलीचंद आभार मानायला आला होता. पाणी त्याच्या बांधीत दिलं म्हणे, आमची कोरडीच आहे. हिरव्यागार धानात सगळ्या बांध्या सारख्याच दिसतात. शेत बनवणाऱ्याचीच चूक आहे. ओमेश ओरडला नाही. फोनवर दुलीचंदशी हळू आवाजात बोलत होता. बटई हा शब्द मी ऐकला.

२ सप्टेंबर, मंगळवार.
दुसरा दगा. जमुना ऑटोनं गोंदियाला, मॅडम उतरल्या आहेत तिथं, जाऊन त्यांना भेटली आणि मी शब्द पाठ केले होते हे सांगून आली. मॅडम आज घरी आल्या. पुन्हा टेस्ट. मी पाचच्या पाच सांगितले. मॅडम म्हणाल्या, काका, आज मी दुसरे शब्द दिले होते. मी म्हटलं, तुमचे तुम्ही बदलले, माझे पक्के आहेत. जमुना स्वयंपाकघरात गेली ती लवकर बाहेर आली नाही.

मला आता रिसर्चमध्ये घेतलं. पण कोणाला व्यायाम आणि कोणाला नुसतं माहितीपत्रक, हे कॉम्प्युटर ठरवतो. मला पत्रक आलं. मॅडमना वाईट वाटलं, पण नियम आहे. जमुना म्हणाली, एवढं करून कागदच देला? पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

१५ सप्टेंबर, सोमवार.
जमुना रोज सकाळी दुलीचंदला गाठून विचारते, काल काय काय करवलं जी? मग घरी मला ते करायला लावते. हात वर, हात खाली. नंतर शेतापर्यंत पायी. वाटेत विचारते, ही बांधी कोणाची, ती कोणाची. मी तिच्याशी बोलत नाही, म्हणून सांगत नाही.

बटईचं राहिलं. जमुना सोबत जात असेल तर पाणी आमच्याकडेच, असं ओमेशनं ठरवलं. धुरा ती फोडते, बुजवते तीच. मी काठीनं दाखवतो कुठं फोडायचं. ती दुसरीकडे फोडते. धान चांगलं पोटरीवर आलं आहे, आता लोंब्या बाहेर पडतील. माझ्या देखरेखीशिवाय हे झालं नसतं.

बोलणं मात्र बंद म्हणजे बंद. तिनं मला फार मोठा दगा दिला आहे. काय दिला ते आज नेमकं लिहून ठेवणार होतो. तिलाच विचारावं लागेल. तिच्या सगळं लक्षात राहते.